शिष्यवृत्तीचे पैसे कोणत्या खात्यात?

नमस्कार श्रोतेहो. पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर मी 26 वर्षं बसले. पदवीनंतर पुढे शिकणाऱ्या मुलामुलींना सरकारकडून काय मिळतं, यावर आज बोलायचं आहे. आधी भराभर योजना सांगते, मग ते पैसे कोणत्या खात्यात जातात ते एका मुलाच्या गोष्टीतून. कागद-पेन जवळ असू द्या.

एम.ई., एम.टेक.ला गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईकडून, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेकडून, महिना 12,400 रुपये. यूजीसीच्या नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळवून पीएच.डी.ला गेलेल्यांना पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000, शिवाय घरभाडं. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. घरचं वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांच्या आत हवं. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये. खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती. तिथे मर्यादा 8 लाख. मुलींनो, तुमच्यासाठी खास सांगते. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमात ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल, एसईबीसी म्हणजे सामाजिक-शैक्षणिक मागास, आणि ओबीसी मुलींना पूर्ण शुल्कमाफी आहे, उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं की. राज्याच्या या योजनांचे अर्ज बहुतेक महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचे.

आता तो मुलगा.

औसा तालुक्यातला. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, एका खोलीत पाच जण. एका कॉटचे हे खोलीमालक जे पैसे घेतात आणि वर डिपॉझिट मागतात, त्यावर कुणीतरी लगाम घालायला हवा, हे मी अनेक वर्षं बोलत आले आहे. असो. जुलै महिना, बाहेर धो-धो पाऊस. अप्पा बळवंत चौकात मिळते तसली बटणाची प्लास्टिक फाईल त्यानं शर्टाच्या आत धरली होती. स्वतः निथळत होता, फाईल कोरडी.

"मॅडम, माझी शिष्यवृत्ती नामंजूर झाली का?"

मी अर्ज उघडला. समोर लिहिलेलं, फंड डिस्बर्स्ड. म्हणजे पैसे सुटले. एक नाही, दोन हप्ते. त्यानं पासबुक पुढे केलं, सकाळीच छापून आणलेलं. त्यात एक रुपया नाही.

पहिल्यांदा मलाही वाटलं, आमच्याकडूनच काही चुकलं. सगळे कागद पुन्हा तपासले. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, गुणपत्रिका, सगळं चोख. मग त्याला शेजारी बसवलं आणि आधारच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक घातला. आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तिथे दिसतं, आणि शिष्यवृत्ती त्याच बँकेत जाते. ओटीपी आला, पान उघडलं, आणि तिथे भलत्याच बँकेचं नाव.

"या बँकेत माझं खातंच नाही मॅडम."

मी विचारलं, "कधी सिम घेतलंस? अंगठा दिला होतास?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, बारावीनंतर आठवडी बाजारात छत्रीखाली एक जण बसला होता, त्याच्याकडून घेतलं. त्यानं दोनदा अंगठा लावायला सांगितलं, पहिला नीट उठला नाही म्हणाला. सिमसोबत त्या माणसानं याच्या नावाचं खातंही उघडून टाकलं होतं, आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं.

"ते सिम कुठंय?"

"आईच्या फोनमध्ये."

तिथूनच त्यानं आईला फोन लावला, स्पीकरवर. बँकेचा काही मेसेज आला होता का, विचारलं. आई म्हणाली, "मेसेज रोज येतेत बाबा. कंपनीचेच असतेत, मी बघत नाही." शेजारची सातवीतली मुलगी बोलावली. ती बटणाच्या फोनवर मागे-मागे जात एकेक मेसेज उघडत होती आणि इंग्रजी वाचता येईना म्हणून अक्षरं सांगत होती. सी. आर. ई. डी. आय. टी. ई. डी. तो माझ्या टेबलावरच्या कागदाच्या मागे ती अक्षरं लिहीत होता. शब्द पुरा झाला आणि त्याचं पेन थांबलं.

दोन महिने त्यानं संध्याकाळची मेस बंद ठेवली होती. रविवारी रात्री आपल्या मेस बंदच असतात, हा इतर रात्रीही उपाशी किंवा वडापाववर. पैसे मात्र रोज त्याच्याशी बोलणाऱ्या आईच्या हातातल्या फोनवर येऊन पडले होते. आईला तो एवढंच म्हणाला, "ते मेसेज खोडू नको."

बँकांनी खेड्यातल्या माणसाला मराठीत मेसेज पाठवावा, एवढं माझं मागणं आहे. 'तुमच्या खात्यात पैसे जमा झाले', पाच शब्द.

पैसे बुडाले नाहीत, खातं त्याच्याच नावाचं होतं, त्यानं काढून घेतले. मग त्याच्या खऱ्या बँकेच्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार त्या खात्याला जोडण्याचा, अर्ज भरला. पुढचा हप्ता पासबुकात आला.

तर मुलांनो, नीट ऐका. खात्याची केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, आधारवर झाली, म्हणजे सरकारचे पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. केवायसी वेगळी, सीडिंग वेगळं. खाती चार असतील, पण सीडिंग एकाच खात्याचं असतं. शेवटी ज्या बँकेला जोडलं, पैसे तिकडे जातात. पुन्हा सांगते, शेवटी ज्या बँकेला जोडलं तिकडे. अर्ज भरण्याआधी ते नाव बघा. आणि आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू ठेवा, नाहीतर ओटीपीच येणार नाही.

दुसऱ्या वर्षाचा अर्ज आपोआप पुढे जात नाही, नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रवेशाच्या गर्दीची वाट बघू नका; त्या दिवसांत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

पीएच.डी.वाल्यांनो, अनुसूचित जातींसाठीची बार्टी आणि आदिवासी संशोधन संस्था या दोन्ही सरकारी संस्था इथेच आहेत, कॅम्पात क्वीन्स गार्डनला. मराठा-कुणबी समाजासाठीची सारथीही पुण्यातच, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठीची महाज्योती नागपूरला. अधिछात्रवृत्तीची, म्हणजे फेलोशिपची, जाहिरात यांच्या संकेतस्थळांवर निघते आणि मुदत लवकर संपते. विद्यापीठातली 'कमवा आणि शिका' योजनाही विचारून घ्या. तिथे काम करून शिकलेल्या मुलांना मी पाहिलंय, ताठ मानेनं राहतात.

शुल्कासाठी कर्ज लागणार असेल तर पीएम विद्यालक्ष्मी पोर्टल बघा. तुमची संस्था त्यांच्या यादीत असेल आणि घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत मिळू शकते. पण शिष्यवृत्तीचा अर्ज आधी. कर्ज नंतर.

आज रात्री घरी फोन लावाल, तेव्हा आईच्या फोनमधले मेसेज कुणाकडून तरी वाचून घ्या. नमस्कार.