झोताच्या कडेनं

[काळा पडदा. श्वासाचा आवाज, बुडबुडे.]

अजून काहीच दिसत नाहीये. दिवे लावलेलेच नाहीत.

[दिवे लागतात. लालभडक प्रवाळ.]

हा लाल नीट बघून घ्या. आपण 15 मीटर खोल आहोत. दिवसा हेच प्रवाळ मळकट निळं-करडं दिसतं, कारण सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी सगळ्यांत आधी गिळतं. रात्री उजेड वरून येत नाही, हातभर अंतरावरून येतो. दिव्यापासून प्रवाळापर्यंत आणि तिथून लेन्सपर्यंत, एवढाच त्याचा प्रवास. एवढ्याशा पाण्यात लाल फारसा विरत नाही. म्हणून रंग हवे असतील तर रात्री उतरा, असं मी सांगतो. लोकांना वाटतं, थट्टा करतोय.

[पडदाभर पांढरे ठिपके. मागे कुठेतरी मासा.]

हे माझं पहिल्या रात्रीचं चित्रण. दिवा थेट लेन्सच्या डोक्यावर बसवला होता. पाण्यातला कण न् कण उजळला आणि मासा त्यामागे हरवला. धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर होतं तेच. आता दिवे लांब दांड्यांवर डावी-उजवीकडे नेतो आणि त्यांची तोंडं किंचित बाहेर वळवतो. माशावर झोताची फक्त कड पडू द्यायची. लेन्ससमोरचं पाणी अंधारातच राहिलं पाहिजे.

अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. त्यामुळे अंतर ठरवून फोकस लॉक करायचा आणि स्वतःच पुढे-मागे सरकायचं. श्वास घेतला की शरीर वर उचललं जातं, सोडला की खाली जातं. चित्र स्थिर राहावं म्हणून श्वास रोखायचा मोह होतो. तो टाळायचाच, डायव्हिंगमध्ये श्वास कधीही रोखायचा नसतो.

[कपारीत झोपलेला पोपटमासा. भोवती पारदर्शक कोष.]

पोपटमाशाच्या काही जाती झोपण्याआधी स्वतःभोवती असा बुळबुळीत कोष तयार करतात. रक्त शोषणारे बारीक समुद्री किडे त्यामुळे लांब राहतात, असं प्रयोगांत दिसलंय. थोडक्यात, मच्छरदाणी!

[लायनफिश झोताच्या कडेला तरंगतोय.]

आणि हे आमचे न बोलावलेले सोबती. डायव्हरच्या उजेडात शिकार करायला काही लायनफिश चांगलेच सोकावलेत. झोत पडून एखादा छोटा मासा गांगरला, की गट्टम. पहिल्यांदा तो शॉट मिळाला तेव्हा मी खूश होतो. घरी चारदा पाहिला. चौथ्यांदा लक्षात आलं, की भक्ष्य मीच दाखवलं होतं.

तेव्हापासून जवळ जाताना लाल दिवाच वापरतो. पाण्यातल्या बऱ्याच जिवांना लाल फारसा दिसत नाही. पांढरा लावतो तो शॉटपुरता.

[वाळूवर बोटभर मासा. लायनफिश त्याच्याकडे वळतो. दिवे विझतात.]

इथून पुढची 40 सेकंदं कार्डवर काळीच आहेत. कापलेली नाहीत.

[बुडबुडे. मग वाळूवर टॉर्चचा एक गोल, सावकाश फिरणारा.]

हा माझा साथीदार. विचारतोय, सगळं ठीक ना?

[दुसऱ्या, छोट्या टॉर्चचा गोल फिरतो.]