व्हर्मूथ फ्रिजमध्ये ठेवा हो!

(निवेदन. पडद्यावर आधी फक्त ग्लास, आवाज बर्फाचा)

हा रंग बघा आधी, दोन सेकंद मी काही बोलत नाही.

कोरा चहा उजेडात धरला की जसा दिसतो ना, तसाच. हे मॅनहॅटन नावाचं कॉकटेल. यात राय व्हिस्की, व्हर्मूथ नावाची गोड, लाल, वनस्पती मुरवलेली दारू, बिटर्स म्हणजे कडू अर्काचे दोन झटके आणि तळाला एक चेरी, संपलं. लिंबू नाही, सोडा नाही, वरून साखर नाही, त्यामुळे एखादी बाटली गंडलेली असेल तर ती लपवायला जागाच नाही. आणि आजचा सगळा व्हिडिओ त्या बाटल्या कशा निवडायच्या यावरच आहे, त्यातही एका बाटलीवर जरा जास्त, ती कुठली ते कळेलच.

(नदीचा शॉट, जर्सी सिटी, एक्सचेंज प्लेस)

हे पलीकडे दिसतंय ते खरंखुरं मॅनहॅटन. आम्ही अलीकडच्या काठावर, जर्सी सिटीत. प्रमाण लक्षात ठेवायची सोय न्यूयॉर्कवाल्यांनी आपसूक करून ठेवलीय, 212. हा 1947 पासूनचा तिथला फोनचा कोड. 2 औंस व्हिस्की, 1 औंस व्हर्मूथ, 2 झटके बिटर्स. औंस म्हणजे साधारण 30 मिली, म्हणजे आपल्या हिशेबात व्हिस्कीचा एक लार्ज आणि व्हर्मूथचा एक स्मॉल.

(मॅडिसन स्क्वेअरचा कोपरा, उंच इमारत, टॅक्सी)

आता या कोपऱ्यावर कॅमेरा का लावला, तर एक प्रसिद्ध थाप इथली आहे. गोष्ट अशी सांगतात की चर्चिलच्या आईने, जेनी जेरोमने, 1874 मध्ये मॅनहॅटन क्लबात न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी निवडून आलेल्या सॅम्युएल टिल्डनच्या विजयाची पार्टी दिली आणि तिथे हे ड्रिंक जन्माला आलं. गोष्ट झकास आहे, फक्त त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला चर्चिल इंग्लंडमध्ये ब्लेनहाइम पॅलेसमध्ये जन्मला, मग ही बाई पोटात बाळ घेऊन अटलांटिकच्या या बाजूला पार्टी कशी देत होती ते तुम्हीच सांगा. इथे तिच्या वडिलांचा वाडा होता, क्लब त्यात राहायला आला 1899 मध्ये, आणि वाडा पाडला 1967 मध्ये. पक्कं एवढंच की 1880 च्या दशकात हे ड्रिंक न्यूयॉर्कमध्ये माहीत झालेलं होतं आणि 1884 च्या एका बारटेंडर गाइडमध्ये त्याची कृती छापून आलीय. पहिल्यांदा कोणी ढवळलं ते राहू दे, आपल्याला प्यायचंय.

(हडसन खोऱ्यातलं शेत, वारा)

हा माझा सगळ्यात आवडता शॉट. जूनचा पहिला आठवडा, हडसनचं खोरं, आणि हे गव्हासारखं दिसणारं पण गव्हापेक्षा उंच, माझ्या खांद्याला लागणारं पीक म्हणजे राय. ओंब्यांना ही लांब लांब कुसळं, वारा आला की सगळं शेत राखाडी-हिरवं होऊन लाटेसारखं वाकतं. एक खुलासा आत्ताच करतो, कारण आमच्या मामांनी फोनवर विचारलं होतं, "मोहरीची दारू करतात होय रे?" मामा, ती आपली राई वेगळी, फोडणीतली. ही राय म्हणजे गव्हाच्या जातकुळीतलं थंडीचं धान्य, शरद ऋतूत पेरतात, बर्फाखाली पडून राहतं आणि उन्हाळ्यात कापतात. जिथे मका नखरे करतो तिथे हे बिनतक्रार उगवतं, म्हणून अमेरिकेच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात, पेन्सिल्वेनिया आणि मेरीलँडमध्ये, जुनी व्हिस्की रायची होती. मक्याची बर्बन ही केंटकीकडची.

(डिस्टिलरी. पिंपातला फेस. हा शॉट पूर्ण 20 सेकंद ठेवायचा)

बघा बघा, हे बघा. फेस कसा वर येतोय, आणि तो झारा घेतलेला पोरगा कसा धावतोय. राय भरडून गरम पाण्यात घातली की तिची खळ होते, अक्षरशः सुती साडीला घालतात तशी खळ, पंपाला चिकटते, ढवळणीला चिकटते, आणि आंबायला लागली की असा फेसाचा डोंगर. राईचा पर्वत म्हणतात तो हाच असावा. मका बिचारा शहाण्यासारखा आंबतो. एवढा त्रास काढून करतात कारण चवीत जो मिरीसारखा, किंचित शहाजिऱ्यासारखा चटका येतो तो मक्यात नाही.

कायद्याने अमेरिकेत राय व्हिस्की म्हणवून घ्यायला धान्यात निदान 51 टक्के राय लागते, आणि मुरवायला ओकचं नवीन, आतून जाळलेलं पीप.

(पिपाच्या आत ज्वाळा)

आम्ही उभे होतो तिथवर धग येत होती, कॅमेऱ्याची लेन्स गरम झाली. आतला लाकडाचा थर कोळसा होतो, त्याच्या मागे लाकडातली साखर भाजली जाते, आणि व्हिस्कीचा रंग आणि व्हॅनिलाचा वास येतो तो तिथून. निदान दोन वर्षं असं मुरलं की मग लेबलवर "स्ट्रेट" लिहायला परवानगी. न्यूयॉर्कवाल्यांनी 2015 पासून स्वतःची एक पाटी काढलीय, एम्पायर राय, त्यात धान्यापैकी निदान 75 टक्के न्यूयॉर्क राज्यात पिकलेली रायच हवी. तुम्ही मघाशी बघितलेलं शेत त्यासाठीच होतं.

मध्ये 1920 ते 1933 दारूबंदी झाली आणि पूर्वेकडच्या राय डिस्टिलऱ्या बऱ्याचशा कायमच्या गेल्या, गावंच्या गावं बसली. पुढे जाऊ.

(दारूच्या दुकानातलं शेल्फ)

आता निवड. पेन्सिल्वेनियाची आठवण शेल्फवर अजून आहे, पण नावापुरती. ओल्ड ओव्हरहोल्ट, 1810 पासून नाव चालू, मूळ पेन्सिल्वेनिया, हल्ली बनते केंटकीत. रिटनहाउस, नाव फिलाडेल्फियातल्या चौकाचं, तीही आता केंटकीची. ही दुसरी मी उचलली, का ते लेबलवर बघा, झूम करतोय, "बॉटल्ड इन बाँड". 1897 चा कायदा आहे, एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, निदान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरलेली, आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोल. त्या काळात व्हिस्कीत तंबाखूचं पाणी वगैरे काय काय मिसळायचे, म्हणून हा कायदा.

50 टक्केच का हवी? साधा हिशेब करा. 60 मिली राय 50 टक्क्यांची, 30 मिली व्हर्मूथ साडेसोळा टक्क्यांचं, आणि ढवळताना बर्फाचं 25 मिलीच्या आसपास पाणी सुटतं. ग्लासात येतं साधारण 30 टक्के. तेच 40 ची घेतली तर उतरतं 25 वर, आणि गोड व्हर्मूथ तिच्या डोक्यावर बसतं, सरबत होतं. दुसरी बाजू अशी की 95 टक्के राय असलेल्याही बाटल्या मिळतात, बुलेट राय त्यातली, त्यांना गवती, बडीशेपेकडे झुकणारा वास असतो, काहींना तोच हवा असतो. मला नाही. 51-52 वाली, थोडा मका असलेली राय मला जास्त मिळूनमिसळून वागणारी वाटते. आणि महागडी, बारा वर्षांची वगैरे यात ओतू नका, लाकडाची कडूशार चव व्हर्मूथशी भांडते, शिवाय पैसे.

(बार काउंटर. दोन ग्लास शेजारी शेजारी)

आता या व्हिडिओचं खरं कारण. हे दोन ग्लास. दोन्हीत तीच रिटनहाउस, तेच बिटर्स, तेवढंच बर्फ. डावीकडच्यात व्हर्मूथ काल उघडलेलं. उजवीकडच्यात माझ्या घरचं, जे मी मागच्या दिवाळीच्या पार्टीला उघडलं आणि स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर, बाकीच्या बाटल्यांबरोबर, दिमाखात ठेवून दिलं होतं सात महिने. आमच्या बारटेंडरचा चेहरा बघा उजवीकडचा वास घेताना. हा शॉट आम्ही ठरवून घेतलेला नाही. ती काहीच बोलली नाही, ग्लास सरळ सिंकमध्ये रिकामा केला. मी प्यायलो होतो त्यातला घोट, मनुका भिजवून विसरलेलं पाणी लागतं तसं लागतं, आणि मागे एक आंबटपणा. आणि मी सात महिने घरी येईल त्याला हेच पाजून "मॅनहॅटन एवढं काही खास नाही" म्हणत होतो.

मंडळी, व्हर्मूथ ही वाइन आहे! लोक व्हिस्कीच्या शेजारी ठेवतात म्हणून व्हिस्कीसारखी टिकेल असं होत नाही. युरोपच्या नियमाने त्यात निदान 75 टक्के वाइन लागते, वर थोडं स्पिरिट, साखर आणि वनस्पती. हवा लागली की वाइन जशी उतरते तशीच ही उतरते, फक्त जरा सावकाश, साखर आणि अल्कोहोल असल्यामुळे. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर महिना-दीड महिना चांगली जाते.

(लाकडी ट्रे, वाळलेल्या पानांचे ढीग, बोटं)

हा ट्रे तिने आमच्यासाठी मांडला. ही संत्र्याची साल, ही दालचिनी, हे जेन्शनचं मूळ, कडूजहर, किराईत आठवेल. आणि ही करडी पानं, हीच मुख्य, वर्मवूड. जर्मनमध्ये याला वेर्मुट म्हणतात, त्यावरूनच व्हर्मूथ. मी पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि थेट जोतिबाच्या डोंगरावर पोचलो, चैत्र यात्रा, गुलाल आणि दवणा. नंतर शोधलं तर वेडेपणा नव्हता तो, दवणा आणि वर्मवूड एकाच कुळातले, दोघंही आर्टेमिसिया. आपला जास्त गोड वासाचा, यांचा जास्त कडू. एवढं मात्र सांगतो, घरी दवणा घालून व्हर्मूथ करायला जाऊ नका, मी केलंय.

लाल आहे म्हणजे रेड वाइनची असणार असं वाटतं, पण हे गोड लाल व्हर्मूथ बहुतेक वेळा व्हाइट वाइनपासून करतात, रंग जळक्या साखरेचा आणि वनस्पतींचा. गोड म्हणजे किती, तर लिटरला निदान 130 ग्रॅम साखर. हे सगळं इटलीतल्या तुरीनचं, कार्पानोने 1786 मध्ये विकायला सुरुवात केली. तिथे जायचं बजेट नव्हतं, त्यामुळे तुरीन तुम्हाला लेबलांवरच दिसेल.

(चार बाटल्या रांगेत, मागून उजेड)

ही अँटिका फॉर्म्युला, जाड, व्हॅनिलावाली, 50 टक्क्यांच्या रायसमोर छाती काढून उभी राहते. ही कोक्की, कोको आणि संत्र्याकडे झुकते, नवख्याला मी हीच देईन. ही पुंत ए मेस, नावाचा अर्थच एक आणि अर्धा, एक माप गोड आणि अर्धं कडू, ज्याला कारल्याची भाजी मनापासून आवडते त्याच्यासाठी. आणि ही फ्रान्सच्या शांबेरीची दोलँ, हलकी आणि नाजूक, ओव्हरहोल्टसारख्या मवाळ रायबरोबर छान, रिटनहाउससमोर तिचा आवाजच ऐकू येत नाही. घेताना 375 मिलीची छोटी बाटली मिळाली तर तीच घ्या, त्यात बारा ड्रिंक होतात, महिन्यात संपते. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्याची ती शेवटी सिंकमध्ये जाते, अनुभव सांगतोय.

(बिटर्सची बाटली, लेबल बाटलीपेक्षा मोठं)

अँगोस्तुरा. लेबल मापात बसत नाही, तसंच ठेवलंय. सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1824 मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्तुरा गावात पोटाचं औषध म्हणून केलं, आता त्रिनिदादमध्ये बनतं. दोन झटके. आमटीत हिंग असतो तसं, दिसत नाही पण नसलं की कळतं.

(चेरी, दोन वाट्या)

उजवीकडची भडक लाल, ती आधी रसायनात रंग उडवून मग पुन्हा रंगवतात. आपल्याकडे बेकरीच्या केकवर जी चेरी असते ती तर बरेचदा पाकातलं रंगवलेलं करवंदच असतं, आणि खरं सांगायचं तर मला ते या अमेरिकन चेरीपेक्षा आवडतं. पण इथे ही डावीकडची, लुक्सार्दोची, जवळजवळ काळी, स्वतःच्या दाट पाकात. धुवायची नाही, पाक थोडा निथळू द्यायचा, बस.

(ढवळणं. संगीत बंद)

हलवायचं नाही, ढवळायचं. हलवलं की हवा शिरते, गढूळ होतं, आणि मघाचा तो कोऱ्या चहाचा रंग गेला. चमचा ग्लासच्या कडेने फिरतो, बर्फ एकसंध गोल फिरतो, खडखड होत नाही, ऐका. साधारण तीस सेकंद. ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवलेला.

दोन प्यायलात तर गाडीला हात लावू नका, आणि महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय 25 पूर्ण आणि परमिट लागतं, ते आपापलं बघा.

(शेवटचा शॉट, माझ्या घरचा फ्रिज)

हा आमचा फ्रिज. खालच्या कप्प्यात ताक, दारात लोणच्याची बरणी, तिच्या शेजारी कोक्कीची बाटली. त्यावर बायकोने मार्करने उघडल्याची तारीख लिहिलीय, आणि खाली, "आई येणार आहेत, मागे सरकव".