‘दमा’ या एका शब्दात दडलेले आजार

(कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

निपाणीत छातीच्या आजारांवर बोलायला उभ्या राहिलेल्या डॉक्टराने तंबाखूला चार शब्द सुनावल्याशिवाय खाली बसू नये, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ज्या गावातले कित्येक संसार विडीच्या तंबाखूवर उभे राहिले, तिथे ते शब्द कोणत्या तोंडाने उच्चारावेत, हा डॉक्टरपुढचा पेच असतो. तंबाखूविषयी मी बोलणार आहेच, पण सुरुवात एका शब्दापासून करतो. आपल्याकडे मराठी बोलणारा रुग्ण ‘दमा आहे’ म्हणतो, शेजारचा कन्नड बोलणारा ‘दम्मू’ म्हणतो, जुनी माणसे ‘उब्बस’ म्हणतात. भाषा बदलली तरी सोय तीच राहते: धाप लागणाऱ्या प्रत्येकाला एकाच टोपलीत टाकायचे. चिक्कोडी, हुक्केरी, खानापूर या भागांतून हा एकच शब्द घेऊन माझ्याकडे येणाऱ्या माणसांना प्रत्यक्षात निरनिराळे आजार असतात. कुणाला लहानपणापासूनची ॲलर्जीची अस्थमा असते, कुणाच्या श्वासनलिका धुराने कायमच्या अरुंद झालेल्या असतात, कुणाचा क्षयरोग बरा होऊन वीस वर्षे झालेली असतात पण त्याचे व्रण फुप्फुसात राहिलेले असतात, आणि एखाद्याची छाती ठणठणीत असून दुखणे हृदयाचे असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले या क्षेत्रातले संशोधन मी वाचतो, तेव्हा मला त्यात एकच धडपड दिसते, ती म्हणजे ही टोपली उपसून कोणत्या रुग्णाला नेमका कोणता आजार आहे, हे नीट ओळखण्याची.

यांतला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांचा दीर्घकालीन अवरोधक विकार, हा आजचा मुख्य विषय. भारतातील श्वसनविकारांचा राज्यवार हिशेब मांडणारा मोठा अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील सीओपीडीचे रुग्ण 1990 मध्ये सुमारे 2 कोटी 81 लाख होते, ते 2016 मध्ये 5 कोटी 53 लाखांवर गेले. लोकसंख्या वाढली आणि आयुर्मानही वाढले, हे त्यामागचे एक कारण आहेच. पण त्याच अभ्यासात या आजाराच्या ओझ्याची जी कारणे मोजली आहेत, ती पाहून निपाणीकरांना आश्चर्य वाटेल. निम्म्याहून अधिक, म्हणजे 53.7 टक्के वाटा घरातल्या आणि बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाचा, 25.4 टक्के तंबाखूचा आणि 16.5 टक्के कामाच्या ठिकाणच्या धुळीचा, धुराचा. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि निवडणाऱ्या बाईच्या आयुष्यात हे तिन्ही वाटे एकत्र येतात: दिवसा वखारीची धूळ, संध्याकाळी चुलीचा धूर आणि रात्री नवऱ्याची विडी.

‘मी तर कधी विडीला हात लावला नाही, मग मला हे कसे झाले?’ हा प्रश्न मला बायकांकडूनच अधिक ऐकू येतो. त्याचे एक उत्तर आपल्याच राज्यातून, म्हैसूरच्या ग्रामीण भागात झालेल्या संशोधनातून मिळाले. त्या संशोधकांनी एक साधा गुणाकार वापरला: रोज चुलीपुढे जाणारे तास गुणिले अशी किती वर्षे गेली. हा आकडा 60 च्या पुढे गेला की जुनाट खोकल्या-बेडक्याच्या विकाराचा धोका लक्षणीय वाढतो, असे त्यांना आढळले. आता आपल्या घरचा हिशेब करा. सोळाव्या वर्षी सासरी आलेली, सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास शेणी आणि तुरकाट्या जाळून भाकऱ्या भाजणारी बाई छत्तिशीलाच ती रेघ गाठते. तोवर तिच्याकडे कुणाचेही लक्ष गेलेले नसते, कारण चुलीपुढे खोकणे हे बाईच्या जातीचेच आहे, असे आपण धरून चाललेलो असतो.

हे नुकसान तंबाखूच्या नुकसानासारखेच असते का? पूर्णपणे नाही. मेक्सिकोत चुलीच्या आणि सिगारेटच्या धुराने आजारी झालेल्यांची फुप्फुसे तपासून पाहिली गेली. सिगारेटवाल्यांत हवेच्या बारीक पिशव्या विरून जाण्याचे प्रमाण अधिक दिसले, तर चुलीवाल्या स्त्रियांत श्वासनलिकांभोवती व्रण आणि काजळीचे थर अधिक. शिवाय तीन मोठ्या समूहांच्या पाहणीतून 2015 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: सीओपीडी झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांची फुप्फुसे तरुणपणीच पूर्ण क्षमतेला पोहोचलेली नव्हती. त्यांची घसरण वेगाने झाली असे नाही, मुळात भांडवलच कमी होते. म्हणून गरोदर बाईच्या आणि पाळण्यातल्या बाळाच्या भोवतीचा धूर हा साठ वर्षांनंतरच्या धापेचाही विषय आहे.

आता ओळख कशी पटवायची ते पाहू. छातीचा फोटो काढला की निदान झाले, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. सीओपीडीत फोटो पुष्कळदा फारसे काही सांगत नाही. स्पायरोमेट्री नावाची तपासणी सांगते, आणि ज्या बाईने जन्मभर फुंकणी फुंकली तिला ती समजावणे सर्वांत सोपे जाते. पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि नळीत जोर लावून, छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचे. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, यांचे गुणोत्तर श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध दिल्यानंतरही 0.70 च्या खाली राहिले, तर अडथळा कायमचा आहे. कॅनडात 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, धाप लागते पण निदान कधीच झालेले नाही अशी माणसे घरोघरी फोन करून शोधली आणि त्यांची स्पायरोमेट्री केली. सापडलेल्यांपैकी 508 रुग्ण चाचणीत घेतले; त्यांतल्या निम्म्यांना तज्ज्ञांकडून उपचार मिळाले आणि निम्म्यांना नेहमीचे. श्वसनाच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे धाव घेण्याची वेळ पहिल्या गटावर निम्म्याहूनही कमी आली. आपल्या तालुक्यांत ही तपासणी करून घेणारे अजूनही मोजकेच आहेत.

औषधांकडे येतो. पंप, म्हणजे औषध श्वासातून ओढायचा इनहेलर, लावला की त्याची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, त्यापेक्षा गोळी बरी, हे तीन वाक्यांचे स्तोत्र मी रोज ऐकतो. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची नेहमीची गोळी 4 मिलिग्रॅमची असते, आणि पंपाच्या एका दाबातून त्याच औषधाचे 100 मायक्रोग्रॅम येतात. म्हणजे एक गोळी चाळीस दाबांइतकी झाली, आणि ती पोटातून रक्तात, रक्तातून हृदयापर्यंत फिरून मग थोडीशी छातीत पोहोचते. हात थरथरतात, छाती धडधडते, ते त्या फेरफटक्यामुळे. आपल्याकडे भरपूर खपणाऱ्या थिओफिलिन या जुन्या गोळीचीही परीक्षा झाली. ब्रिटनमध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्टेरॉइडच्या पंपाबरोबर कमी मात्रेतील थिओफिलिन जोडून आजाराचे झटके, म्हणजे धाप-खोकला अचानक बळावणे, कमी झाले नाहीत. जास्त मात्रेत मळमळ, निद्रानाश आणि हृदयाच्या ठोक्यांची गडबड होण्याची भीती असते, त्यामुळे ‘मग डोस वाढवू’ हा मार्गही सुरक्षित नाही. पंप मात्र नीट घेता आला पाहिजे. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2016 मध्ये घेतला गेला, त्यात पंप बिनचूक घेणारे रुग्ण एक तृतीयांशही भरले नाहीत. माझ्या एका रुग्णाने यंत्रात घालून श्वासातून ओढायची रोटाकॅपची कॅप्सूल महिनाभर पाण्याबरोबर गिळली होती. चूक त्याची नव्हती. पाकिटावरचा कागद इंग्रजीत होता, आणि त्याला वाचता येत होत्या मराठी आणि कन्नड.

सीओपीडीत स्टेरॉइडचा पंप कुणाला द्यावा, हा प्रश्न अनेक वर्षे वादाचा होता. झटके कमी होतात हे दिसत होते, पण काहींना न्यूमोनियाही होत होता. त्याची उकल रक्ताच्या अगदी साध्या, स्वस्त तपासणीने केली. पांढऱ्या पेशींतील इओसिनोफिल नावाच्या पेशी दर मायक्रोलिटरला 300 किंवा अधिक असतील तर स्टेरॉइडचा लाभ ठळक मिळतो. 100 च्या खाली असतील तर लाभ जवळपास नाही आणि न्यूमोनियाचा धोका मात्र शिल्लक राहतो. याच पेशींच्या आधारावर पुढचे पाऊल पडले. तीन औषधांचा एकत्रित पंप घेऊनही ज्यांना वारंवार झटके येतात आणि ज्यांच्या इओसिनोफिल पेशी 300 च्या वर आहेत, अशा 939 रुग्णांना डुपिलुमॅब हे इंजेक्शन वर्षभर देऊन पाहिले. 2023 मध्ये जाहीर झालेल्या निकालात मध्यम आणि तीव्र झटके 30 टक्क्यांनी कमी झाले, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या चाचणीत ही घट 34 टक्के दिसली. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेने त्याला सीओपीडीसाठी मान्यता दिली, आणि 2025 मध्ये मेपोलिझुमॅब या त्याच वाटेवरच्या इंजेक्शनलाही.

इथे आपल्या भागासाठी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या पोटात जंत असतील तरी रक्तात इओसिनोफिल वाढतात, आणि हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणाऱ्या एका विकारात तर ते प्रचंड वाढून रात्रीचा खोकला आणि घरघरही होते. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेचा तोच आकडा आपल्याकडे आला की त्याचा अर्थ लावण्याआधी जंतांचा विचार करावा लागतो. नाहीतर काही रुपयांच्या गोळीने जे साधले असते, त्यासाठी सामान्य घराला न परवडणारे इंजेक्शन सुचवले जायचे.

कोविडनंतर आपल्याकडे घराघरांत बोटाला लावायचे यंत्र आले आणि पुष्कळ घरांत ऑक्सिजनचे मशीनही. त्यामुळे हा भाग थोडा सविस्तर सांगतो. ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन विश्रांतीतही फार खाली, साधारण 88 टक्के किंवा त्याहून कमी असतो, त्यांना रोज किमान 15 तास ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढते, हे 1980 आणि 1981 मधल्या दोन चाचण्यांनी दाखवले. पुढे तोच नियम 90-92 वाल्यांनाही लावण्याचा मोह झाला. अमेरिकेत 738 रुग्णांवर ते तपासले गेले आणि 2016 मध्ये उत्तर आले: मध्यम घट असलेल्यांना घरच्या ऑक्सिजनने आयुष्य वाढले नाही, रुग्णालयात भरती होणेही कमी झाले नाही. 2024 मध्ये स्वीडनमधून कळले की ज्यांना ऑक्सिजनची खरोखर गरज आहे, त्यांनाही 15 तासांऐवजी 24 तास नळी लावल्याने अधिक फायदा होत नाही. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. नऊ तास नळीतून सुटका म्हणजे अंगणात बसणे, देवळापर्यंत जाणे, नातवाला शाळेत सोडणे. दर्जेदार संशोधनाने एखाद्याच्या दिवसाचे नऊ तास परत दिले, असे क्वचितच घडते.

आणि चालणे. ‘धाप लागते ना, मग पडून राहा’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि त्यानेच पायांचे स्नायू झिजून धाप वाढते. देखरेखीखाली चालणे, खुर्चीतून उठणे-बसणे, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडणे, याला फुप्फुसांचे पुनर्वसन म्हणतात. 65 चाचण्यांचा आढावा घेऊन 2015 मध्ये त्याची उपयुक्तता इतकी पक्की ठरली की, नेहमीच्या उपचारांशी त्याची तुलना करणाऱ्या नव्या चाचण्यांची आता गरज नाही, असे तज्ज्ञांनी लिहिले. तरीही अमेरिकेत झटक्यानंतर रुग्णालयातून घरी गेलेल्या जवळजवळ दोन लाख वृद्धांपैकी तीन महिन्यांत पुनर्वसन सुरू करणारे जेमतेम दीड टक्के निघाले. तिथली ही गत, तर आपली वेगळी सांगायला नको. पण यातल्या बऱ्याचशा गोष्टींना यंत्र लागत नाही. आधी तपासणी, मग घराच्या ओसरीवर मोजून सहा मिनिटे चालणे, एवढ्यावर सुरुवात होते.

व्याख्यानानंतर मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, ‘डॉक्टर, जन्म गेला चुलीपुढे. आता गॅस लावून माझ्या छातीचे काय बरे होणार?’ त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातल्या खेड्यांत सुमारे हजार लोकांना नऊ वर्षे, 2011 पर्यंत, पाहिले गेले. ज्यांनी स्वयंपाकासाठी बायोगॅस घेतला आणि स्वयंपाकघरातून धूर बाहेर जाण्याची सोय केली, त्यांच्या फुप्फुसांची घसरण मंदावली, आणि दोन्ही करणाऱ्यांत ती सर्वांत कमी राहिली. गेलेला श्वास त्यांनाही परत मिळाला नाही. आजींच्या घरी उज्ज्वला योजनेचा सिलिंडर होता, पण चहापुरता. भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच. मी त्यांना पाण्याची चूल आधी परसात न्यायला सांगितले आणि पुढच्या मंगळवारी फुंकायला बोलावले.