पाच एकेचाळीस

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: रात्रीचा रिकामा रस्ता. चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला सायकलस्वार. मागे दिवे लावलेली एक गाडी.]

शर्यतीला अजून बरेच आठवडे आहेत. रस्त्यावर धावणारं कुणी नाही. तरी अर्धमॅरेथॉनमधलं सगळ्यात चोख काम आत्ता, या वेळी चाललंय.

हा माणूस रस्ता मोजतोय. फूटपाथच्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून तो सायकल चालवतो. वळण आलं की आतल्या बाजूला सरकतो. पुढचं वळण उलट्या दिशेचं असेल तर त्याच्याकडे सरळ तिरका जातो. नियमात राहून धावणाऱ्याला कमीत कमी जेवढं धावावं लागेल, तेवढंच अंतर त्याला मोजायचंय.

[दृश्य: पुढच्या चाकाजवळचा काउंटर, अगदी जवळून. आकडे सरकताना.]

चाकाजवळ बसवलेला हा डबा म्हणजे जोन्स काउंटर. अमेरिकेतल्या ॲलन जोन्स यांनी तो १९७१ साली तयार केला. चाकाची एक फेरी झाली की यावरचा आकडा वीस-तेवीसने पुढे जातो, म्हणजे एक आकडा नऊ-दहा सेंटिमीटरचा. मोजणी सुरू करण्याआधी पोलादी फितीने आखलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चार वेळा चालवून आकडे टिपायचे. मोजणी संपल्यावर त्याच पट्ट्यावर पुन्हा चार वेळा. कारण ऊन वाढलं की टायरमधली हवा फुगते, चाकाचा घेर बदलतो आणि सगळं गणित थोडं सरकतं.

एवढं करूनही शंका उरतेच. म्हणून शेवटी दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. अंतर कमी भरलं तर त्यावर झालेला विक्रम बाद होतो, जास्त भरलं तर कुणाचं बिघडत नाही. अर्धमॅरेथॉनमध्ये हे २१ मीटर होतात. ते कुणाला दिसत नाहीत, पण प्रत्येकाला धावावे लागतात.

[दृश्य: पहाट. बुटाची नाडी बांधणारे हात. मनगटावरचं घड्याळ उपग्रह शोधतंय.]

चित्रीकरणाला होकार देताना तिची एकच अट होती: नाव नको. म्हणून या फिल्मभर ती फक्त 'ती' आहे. वय सेहेचाळीस. अर्धमॅरेथॉनमधली आजवरची सर्वोत्तम वेळ दोन तास सहा मिनिटं. हवी आहे दोन तासांच्या आतली. धावणाऱ्यांच्या भाषेत, सब-टू.

अंतर २१.०९७५ किलोमीटर. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावलेलं ४२.१९५ किलोमीटरचं अंतर १९२१ साली मॅरेथॉनचं अधिकृत अंतर ठरलं, त्याचं हे बरोब्बर अर्धं. दोन तासांत ते संपवायचं तर प्रत्येक किलोमीटर पाच मिनिटं एकेचाळीस सेकंदांत. पाच किलोमीटरला २८:२६, दहाला ५६:५३, पंधराला १:२५:१९, विसाला १:५३:४५. हे आकडे तिने कागदावर लिहून आरशाच्या कोपऱ्यात अडकवलेत. ते पाठ आहेत, तरी कागद तिथेच आहे.

दोन तासांत शरीराच्या दृष्टीने खास असं काही नाही. १:५९ मध्ये हृदय वेगळं चालतं आणि २:०१ मध्ये वेगळं, असं होत नाही. २०२१ मध्ये वॅलेन्सियाला इथिओपियाच्या लेटेसेनबेत गिदेने आयुष्यातली पहिलीच अर्धमॅरेथॉन १ तास २ मिनिटं ५२ सेकंदांत संपवली. तेवढ्या वेळात आमची 'ती' निम्म्यापलीकडे फारशी पोचत नाही. हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

बाइट (ती): "गोल आकडा आहे, बस. दोनच्या पुढे कुणाला सांगायचं म्हटलं की 'दोन तास आणि...' असं म्हणावं लागतं. मला ते 'आणि' नकोय."

[दृश्य: सकाळचा लांब रस्ता. ती धावतेय. शेजारून एक आजोबा चालत पुढे जातात की काय, असं वाटावं इतकी सावकाश.]

आता जे दिसतंय, त्याला कृपया स्लो मोशन समजू नका. तिचा रोजचा वेग हाच. किलोमीटरला सात मिनिटं, कधी सव्वासात. शर्यतीत हव्या असलेल्या वेगापेक्षा जवळपास दीड मिनिटाने कमी. आठवड्यातल्या बहुतेक सकाळी ती अशीच धावते, आणि आमच्याकडचं बहुतेक चित्रीकरणही याचंच आहे. संकलनाच्या वेळी सूचना आली होती की हा भाग कंटाळवाणा आहे, छाटा. छाटला नाही.

[दृश्य: प्रशिक्षक सायकलवर, तिच्या बाजूने.]

प्रशिक्षक: "ताई, बोलता येतंय का?"
ती: "येतंय, सर."
प्रशिक्षक: "पूर्ण वाक्य बोला."
ती: "मला... या वेगाने धावायची... लाज वाटते."
प्रशिक्षक: "वाक्य तुटलं. अजून हळू."

बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं, ही कसोटी जुनी आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. या वेगात शरीर चरबी जाळायला शिकतं. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमधल्या, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढतात. यातलं काहीच आठवड्याभरात होत नाही, आणि घाई केली तर पायाची हाडं आणि स्नायूबंध आधी कुरकुरतात. हृदय लवकर तयार होतं, स्नायूबंधांना वेळ लागतो.

हे सगळ्यात ठामपणे सांगितलं ते न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. ते बुटांच्या कारखान्यात काम करायचे आणि प्रयोग स्वतःच्याच पायांवर करायचे. आपल्या धावपटूंना ते आठवड्याला शंभर मैल धावायला लावत. त्यात ८०० मीटरचा धावपटूही सुटत नसे. त्यालाही रविवारी बावीस मैलांचा डोंगराळ रस्ता. ८०० मीटरवाल्याला बावीस मैल कशाला, असं विचारणारे पुष्कळ होते. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं. दोन्ही एकाच दिवशी.

पुढे स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल धावपटू, रोइंगपटू आणि स्कीपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांची सुमारे ऐंशी टक्के सत्रं हलक्या वेगातली निघाली. जगातले सगळ्यात वेगवान लोक बहुतेक वेळ सावकाश धावतात. हौशी धावणारे मात्र रोज थोडं दमेपर्यंत पळतात आणि वेळ का सुधारत नाही म्हणून नवे बूट घेतात.

[दृश्य: ट्रॅक. इंटरव्हल. घाम. प्रशिक्षकाच्या हातातलं स्टॉपवॉच.]

वेगाचा सरावही होतोच. आठवड्यातून एकदा टेम्पो, एकदा इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत छोट्या जोरदार धावा. टेम्पोचा वेग म्हणजे साधारण तासभर रेटता येईल असा. त्यापुढे गेलं की रक्तात लॅक्टेट (स्नायूंच्या कामातून तयार होणारं द्रव्य) साचायला लागतं आणि पाय जड होतात. तिला दोन तास धावायचंय, म्हणून शर्यतीत या रेषेच्या थोडं खालीच राहावं लागेल. ही दृश्यं दिसायला देखणी आहेत, म्हणून घेतली आहेत.

मध्ये पोटरी दुखावली आणि धावणं काही आठवडे बंद राहिलं. त्या काळातलं चित्रीकरण आमच्याकडे नाही.

[दृश्य: दहा किलोमीटरची चाचणी. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली. घड्याळ: ५४:१०.]

शर्यतीच्या तीन आठवडे आधीची चाचणी. दहा किलोमीटरला ५४ मिनिटं १० सेकंद. यावरून अर्धमॅरेथॉनचा अंदाज बांधायचं एक सूत्र आहे. दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात काढायचा आणि त्याने आधीची वेळ गुणायची. उत्तर येतं १:५९:३१. हे सूत्र मांडणारे पीटर रीगल हे इंजिनिअर. जोन्स काउंटर लावून रस्ते मोजणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव मोठं. म्हणजे अंतर किती आणि वेळ किती, दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाकडे.

एकोणतीस सेकंद हाताशी. दोन तासांच्या धावण्यात एवढे सेकंद पाण्याच्या दोन टेबलांवरच जातात.

[दृश्य: घड्याळाच्या पडद्यावर नकाशा. वळणावर नागमोडी गेलेली रेषा.]

त्यात घड्याळ. उपग्रहावर चालणारं घड्याळ अंतर जास्त दाखवतं. उंच इमारतींजवळ, झाडांखाली रेषा वाकडी होते. शिवाय सायकलवाल्याने वळण जितकं आतून कापलं, तितकं गर्दीत कुणाला कापता येत नाही. २१.१ची शर्यत घड्याळावर २१.३ भरणं नेहमीचं. अशा वेळी घड्याळात ५:४१ बघत निवांत धावणारा माणूस मिनिटभराहून जास्त उशिरा पोचतो, आणि त्याला शेवटपर्यंत कळत नाही की चुकलं कुठे. म्हणून प्रशिक्षकांनी तिच्या घड्याळाचा आपोआप पडणारा लॅप (दर किलोमीटरची नोंद) बंद केला. रस्त्यावरची किलोमीटरची पाटी दिसली की बटण तिने स्वतः दाबायचं. पाटी मोजलेली आहे, घड्याळाचं अंतर अंदाज आहे.

[दृश्य: शर्यतीची पहाट. अंधारात हजारो माणसं. बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद). ताणलेले पाय.]

आवाज बंद. पंधरा सेकंद फक्त चित्र.

[दृश्य: सुरुवातीची कमान. बंदुकीचा बार. कुणीच हलत नाही.]

बार झाला, पण ती अजून उभीच आहे. पुढे माणसांचा समुद्र. रेषेपर्यंत पोचायला तिला एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद लागतात. बिबच्या मागे चिकटवलेल्या चिपमध्ये बॅटरी नसते. जमिनीवरच्या चटईतून आलेल्या लहरींनी ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प. तिचे दोन तास इथून सुरू होतात. कमानीवरचं घड्याळ मात्र बंदुकीच्या बारापासूनच पळतंय. ही गोष्ट लक्षात असू द्या.

पहिला किलोमीटर ५:२८. सगळ्यांचा तसाच जातो. गर्दी, संगीत, आठवडाभर विश्रांती घेतलेले पाय. दुसऱ्या पाटीच्या आत ती २:०० लिहिलेल्या झेंड्यामागे येऊन स्थिरावते. झेंडा घेऊन ठरलेल्या वेगाने धावणारा हा पेसर स्वतः याहून बराच वेगवान आहे, आज दुसऱ्यांसाठी मोजून धावतोय.

[दृश्य: चटया. ५ किलोमीटर २८:२०. जेलचं पाकीट दातांनी फाडताना. १० किलोमीटर ५६:४४.]

धावताना ताकदीसाठी खायच्या अशा एका जेलमध्ये साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदकं असतात. चव कशी लागते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतंय.

अकरा ते सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात आमच्या मोटरसायकलला परवानगी नव्हती. तिथे काय झालं ते चटई सांगते तेवढंच: १५ किलोमीटर, १:२५:०७.

[दृश्य: अठरावा किलोमीटर. सलग एकच दृश्य. तिचा चेहरा, हात, मान. झेंडा तिच्या आठ-दहा पावलं पुढे.]

निवेदन नाही. श्वासाचा आवाज राहू द्यावा.

[दृश्य: वीस किलोमीटरची पाटी. ती बटण दाबते. १:५३:३८.]

उरलं १ किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर. हातात सहा मिनिटं बावीस सेकंद.

[दृश्य: शेवटची कमान. वरचं मोठं घड्याळ १:५९:४०, १:५९:५०. कठड्यापाशी तिचा मुलगा, मोबाइल वर धरलेला.]

तो घड्याळाकडे बघतोय. दोन तास झाले. तिचा पत्ता नाही.

[दृश्य: घड्याळ २:००:०५. मुलगा मोबाइल खाली करतो. शेजारचा कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.]

कमानीवरच्या घड्याळाला बार माहीत आहे, चिप माहीत नाही. त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

[दृश्य: डोक्यांच्या वर झेंड्याचं टोक. मग ती. झेंड्याच्या पुढे.]

मनगटावरच्या घड्याळाने २१.१ झाल्याची शिट्टी कमानीच्या दोनशे मीटर आधीच वाजवली आहे. ती तिकडे बघत नाही. शेवटची चटई ओलांडल्यावरच बटण दाबते आणि चार पावलं पुढे जाऊन रस्त्यावर बसते. मुलगा कठड्यावरून वाकून विचारतो, "आई, हुकलं?"

[दृश्य: ती मनगट वर करून त्याला दाखवते. दोघांचे चेहरे. संगीत नको.]

गन टाइम, म्हणजे बंदुकीच्या बारापासूनची वेळ, २:०१:३२; नेट टाइम, म्हणजे तिने सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची, १:५९:४८. प्रमाणपत्रावर दोन्ही छापून आले. पुढचे काही दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला, एका पायाचं नख काळं पडून गेलं, पोटरी पुन्हा दुखायला लागली आणि नंतरची एक शर्यत तिने सोडली.

[श्रेयनामावली]