सदिच्छेवर रुसणारी माणसं

अमेरिकेत डिसेंबर उजाडला की दोन शब्दांवरून वाद पेटतो. 'मेरी ख्रिसमस' म्हणायचं की 'हॅपी हॉलिडेज'? पहिलं ऐकून कुणाला वाटतं, आम्हाला यांनी खिजगणतीतच धरलं नाही. दुसरं ऐकून कुणाला वाटतं, सणातून येशूलाच बाहेर काढलं.

या दुसऱ्या तक्रारीचा आवाज मोठा आहे, म्हणून आधी ती घेतो. 'हॉलिडे' हा शब्द धर्माला बगल देतो, असं ही मंडळी म्हणतात. पण तो आलाय 'पवित्र दिवस' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून. ख्रिसमस थोडक्यात लिहिताना वापरतात त्या 'एक्समस'मधला एक्स तर ग्रीक भाषेतल्या ख्रिस्ताच्या नावाचं पहिलं अक्षर. ज्यांना हे शब्द टोचतात, त्यांच्याच पूर्वजांच्या श्रद्धेतून ते घडलेत.

आणि ख्रिसमसवर बंदी कुणी आणली होती? मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली कायदा झाला: ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. कायदा करणारे प्युरिटन, म्हणजे कडवे ख्रिस्ती! बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही आणि त्या निमित्तानं लोक धिंगाणा घालतात, हा त्यांचा आक्षेप. १६८१ मध्ये तो कायदा मागे घेतला गेला.

आता २००५ सालाकडे या. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश हे उघडपणे श्रद्धाळू ख्रिस्ती. त्या वर्षीच्या व्हाइट हाउसच्या शुभेच्छापत्रावर बायबलमधल्या स्तोत्राची ओळ होती, पण 'ख्रिसमस' हा शब्द नव्हता. 'हॉलिडे सीझन' होतं. तेवढ्यावरून त्यांचेच काही समर्थक बिथरले. मी या प्रसंगापाशी पुन्हा पुन्हा येतो. समोर स्तोत्र असूनही राग शमत नसेल, तर तो राग भक्तीतून आलेला नाही. देशाच्या दारावर आपल्याच नावाची पाटी हवी, हा तो हट्ट आहे.

पहिल्या तक्रारीबद्दल मात्र मी इतक्या तडकाफडकी बोलणार नाही. एखाद्या ज्यू मुलाचा विचार करा. त्याच्या धर्मात हनुक्का हा तसा छोटा सण. पण तो बहुधा डिसेंबरात येतो, म्हणून लोकांना तेवढाच ठाऊक. रोश हशाना हे ज्यूंचं नववर्ष शरद ऋतूत येतं, तेव्हा या मुलाला कितीजण शुभेच्छा देतात? मुसलमानांची ईद तर दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते, ती कधी आली नि गेली हे शेजाऱ्याला कळतही नाही. अशा माणसाला महिनाभर एकच शुभेच्छा ऐकून शीण येत असेल, तर त्याला हळवा म्हणून झिडकारू नका. तो शीण खरा आहे.

पण तो काढायचा कुणावर? दुकानातल्या गल्ल्यावर दिवसभर उभी असलेली मुलगी काय म्हणणार, हे अनेकदा मालकानं ठरवलेलं असतं. दोन्ही बाजूंचा राग शेवटी तिच्यावर निघतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुणी 'मेरी ख्रिसमस' म्हटलं तर 'तुम्हालाही' म्हणावं. आणि ज्याच्याशी आपली रोजची ओळख आहे, त्याला एकदा विचारावं: तुमचा मोठा सण कोणता, आणि यंदा कधी येतोय?