फिनिक्समध्ये कुत्र्याला फिरवायचंय? आधी शंभर वर्षांची सावली शोधा

[रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून, हात डांबरावर]

हाताची मागची बाजू डांबरावर टेकवते आणि मोजते. एक, दोन, तीन, चार... नाही, नाही ठेववत. जून महिना आहे, सकाळचे साडेनऊ वाजलेत. आता इथून चार पावलांवर, या झाडाखाली. मातीवर तोच हात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. कोमट लागतेय, पण हात टेकलेला आहे.

सातपर्यंत हात ठेवता आला तरच कुत्र्याला त्या जमिनीवर चालवायचं. आजच्या व्हिडिओतली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी माझं काम झालं.

नमस्कार. मी अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये राहते, आणि ही माझी कुत्री चिंगी, वय सात वर्षं, निवारा केंद्रातून आणलेली. इकडे राहायला येणारी मराठी मंडळी मला नेहमी विचारतात, "वाळवंटात कुत्रा पाळायचा म्हणजे त्या मुक्या जिवाचे हाल नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली राहिला नाही. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस १०० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त. तरीही माझं उत्तर आहे: हाल होत नाहीत, जर तुमच्याजवळ एक सपाट, सोपी, सावलीची वाट असेल आणि तुम्ही घड्याळ पाळत असाल तर.

आमची वाट ही.

[कॅमेरा वाटेकडे]

हिचं नाव मर्फी ब्रायडल पाथ. ब्रायडल पाथ म्हणजे घोड्यांची वाट. सेंट्रल अव्हेन्यूच्या पूर्वेच्या कडेने, बेथनी होम रोडपासून उत्तरेला अ‍ॅरिझोना कालव्यापर्यंत साधारण अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच. पायाखाली माती आणि बारीक खडी, डोक्यावर अ‍ॅश आणि ऑलिव्हची जुनी झाडं. मात्र मध्ये मोठे रस्ते ओलांडावे लागतात, ते डांबरी आहेत. सिग्नलला थांबताना कुत्र्याला सावलीतच उभं करा, डांबरावर नाही.

इतकी झाडं इथे आली कुठून? या शहरात वर्षाला साधारण दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे ज्याला दुष्काळी पट्टा म्हणतात, त्या माणदेशातसुद्धा याहून जास्त पडतो. तेवढ्या पावसावर अ‍ॅशचं झाड जगत नाही. ही सावली पाटाच्या पाण्यावर उभी आहे.

विल्यम मर्फी नावाचा माणूस रेल्वेमार्गाच्या कामांचा कंत्राटदार होता. त्याने १८८३ ते १८८५ या काळात हा अ‍ॅरिझोना कालवा खणला, साठ किलोमीटरहून लांब. मग या भागात प्लॉट पाडले आणि सेंट्रल अव्हेन्यूच्या कडेने झाडं लावली. वाटेला नाव त्याचंच. पण या खोऱ्यात कालवे खणणारा तो पहिला नव्हे. होहोकाम या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी त्याच्या कितीतरी शतकं आधी, लाकडी आणि दगडी अवजारांनी, शेकडो मैलांचे कालवे काढले होते. साधारण १४५० च्या सुमारास ती वस्ती विखुरली. पुढे आलेल्या लोकांना ते जुने पाट दिसले, त्यांनी तेच उकरून वापरले, आणि जुन्या वस्तीच्या राखेतून नवं गाव उठलं म्हणून, राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या दंतकथेतल्या पक्ष्यावरून, नाव ठेवलं फिनिक्स.

आता गंमत ऐका. या वाटेच्या आजूबाजूच्या बंगल्यांना अजूनही कालव्याच्या पाण्याची पाळी मिळते. अंगणाभोवती मातीचा बांध असतो. ठरलेल्या वेळी झडप उघडायची की अख्खं अंगण भरून जातं. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठायचं. माझे बाबा नाशिकहून आले होते, तेव्हा त्यांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलं पाटाचं भरणं!" दुसऱ्या दिवशी पहाटे ते माझ्याआधी पट्टा घेऊन दारात उभे होते, पुन्हा ते बांध बघायला.

मी हे एवढं का सांगतेय? कारण फिनिक्समध्ये सावली शोधायची तर आधी जुनं पाणी शोधावं लागतं. ओल्या मातीतून आणि पानांतून पाणी उडून जातं, तेव्हा हवेतली उष्णता घेऊन जातं. म्हणून इथे शिरलं की गारवा जाणवतो. नव्या वसाहतीत लावलेलं कोवळं पालो व्हेर्डे, म्हणजे इथलं वाळवंटी झाड, दिसायला सुंदर असतं, पण त्याची सावली चाळणीसारखी पडते.

आता वेळ. बाकी अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, अ‍ॅरिझोनात करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो. एरवी आम्ही पाचला बाहेर पडतो आणि साडेसहाला घरी, आज फक्त तुम्हाला दाखवायला एवढा उशीर. बहुतेक लोक चुकतात ते संध्याकाळी, आणि इथे मला माझी गोष्ट सांगायलाच हवी. आमचा पहिला जुलै. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, मला वाटलं निवलं असेल. एका दुकानाच्या पार्किंगमधून चिंगीला चालवत नेलं. चाळीसेक पावलं असतील. मध्येच ती थांबली, एक पाय उचलला, मग दुसरा. मी पट्टा ओढला. घरी येऊन पाहिलं तर दोन तळव्यांना फोड आले होते. दहा-बारा दिवस ती नीट चालली नाही. मी तेव्हा पट्टा ओढला, हे मला आजही सलतं. तिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

उन्हाळी दुपारी इथलं डांबर ७० सेल्सिअसच्या वर जातं, आणि दिवसभर प्यायलेली उष्णता ते रात्री उशिरापर्यंत सोडत राहतं. १९ जुलै २०२३ ला तर शहराचं किमान तापमानच ३६ सेल्सिअस होतं. किमान! म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळची फेरी आमच्याकडे बंद. पायमोजे-बूट घालता येतात, पण बूट घातले म्हणून बाकीचं शरीर गार राहत नाही.

कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडा तळव्यांना येतो तेवढाच. त्याचं सगळं धापेवर चालतं: जिभेवरचं, तोंडातलं पाणी उडतं आणि रक्त निवतं. कोरड्या हवेत हे छान जमतं. पण १५ जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथेही मान्सून असतो, हवा दमट होते, आणि मग तीच धाप कमी कामाची ठरते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मी उन्हाळ्यात दारापुढेच फिरवा म्हणेन.

धाप थांबत नाही, लाळ चिकट झालीय, हिरड्या लालभडक, चालताना तोल जातोय: हा उष्माघात. डॉक्टरकडे नेण्याआधी थंड करा. मिळेल ते गार पाणी अंगावर, पोटावर ओता, वारा घाला, मग गाडीत एसी लावून निघा. फक्त ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होतो आणि उष्णता अडकते.

शहराचा नियमही माहीत असू द्या. २०१६ पासून, तापमान १०० फॅरनहाइट झालं की फिनिक्सच्या डोंगरवाटांवर कुत्र्यांना बंदी आहे. कॅमलबॅक आणि पिएस्टेवा शिखराच्या वाटांवर तर कुत्र्यांना कधीच परवानगी नसते. मी तो शंभरचा आकडा या सपाट वाटेलाही लावते.

[झुडपांच्या कुंपणाशी थांबून]

हे ओळखलंत? कण्हेर. आपल्याकडे हायवेच्या दुभाजकात असते तीच, इथे घरोघरी कुंपणाला. पान, फूल, काडी, सगळं विषारी, थेट हृदयावर परिणाम. काडी तोंडात धरायची सवय असलेल्या कुत्र्याला इथून लांब ठेवा.

आणि पाणी सावली देतं, तसं ते बेडूकही आणतं. पावसाळी रात्री इथे तळहाताएवढा सोनोरन टोड बाहेर येतो. कुत्र्याने तो तोंडात धरला तर त्याचं विष जिवावर बेतू शकतं. मान खाली करून, पाण्याची धार तोंडाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला सोडायची, घशात नाही. हिरड्या फडक्याने पुसायच्या आणि तडक डॉक्टर.

व्हॅली फीव्हर हा मातीतल्या बुरशीचा आजार, धुळीतून फुप्फुसात जातो. खोकला, ताप, वजन उतरणं, कधी लंगडणं. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागत नाही. औषध आहे, पण महिनोन्‌महिने द्यावं लागतं. चिंगीला उकरायची फार हौस, म्हणून मी पट्टा आखूड धरते, आणि हबूब, म्हणजे धुळीचं वादळ, आलं की आम्ही घरात.

घोडा समोरून आला तर? वाट त्यांचीच आहे. बाजूला व्हायचं, कुत्र्याला बसवायचं, घोडेस्वाराशी दोन शब्द बोलायचे, म्हणजे घोडाही बिचकत नाही.

[कालव्याच्या काठावर]

हा आला कालवा. कुत्र्याला यात उतरवू नका, काठ तिरपे आणि गुळगुळीत आहेत, वर चढता येत नाही. आत मोठे मासे दिसतील, पाणवनस्पती खाऊन कालवा मोकळा ठेवायला १९८९ पासून सोडलेत. चिंगी त्यांच्याकडे टक लावून बघते, मी तिचं भांडं काढून पाणी ओतते. आज एका दमात अर्धं संपवलं तिने. ऊन या फांदीपर्यंत आलंय, निघतो आम्ही. येताना गाडी इथे काठाजवळच्या झाडाखाली लावून ठेवली होती, उन्हं चढल्यावर चिंगीला परत चालवायचं नाही म्हणून. चल चिंगे.