नाव न सांगणारं व्याख्यान

दिवेलागण झाली की शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडतात. पुढे पोरं, मागे बाया, कडेला उभी गडीमाणसं. टेबलावर नारळ, लिंबं, कापराची डबी. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आज बोलणार आहेत भुताखेतांवर आणि भानामतीवर.

आधी ते करून दाखवतात. होम मांडला जातो, मंत्र पुटपुटले जातात, वरून ‘तूप’ सोडलं जातं. काही क्षण काहीच होत नाही. मग धूर येतो आणि एकदम जाळ! पुढची पोरं मागे सरकतात. एखादी आजी हात जोडते. कार्यकर्ता तिच्याकडे वळून सांगतो, “आजी, हे तूप नाही, ग्लिसरीन आहे. समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट होतं. दोन्ही भेटली की काडी लागत नाही.”

ही वाट जुनी आहे. मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचं आव्हान दिलं. ते १९७८ साली गेले, तोवर ती रक्कम कुणालाच जिंकता आली नव्हती.

पण खरं कसब लागतं ते भानामतीच्या घरात. पत्र्यावर दगड पडतात. दांडीवरचे कपडे पेटतात. जेवणात घाण निघते. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, पण ते लावायला हात लागतो. म्हणून कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलतात. पहिला दगड कधी पडला? तेव्हा कोण कुठे होतं? कोण परगावी गेलं की सगळं थांबतं?

माग पुष्कळदा अशा माणसापाशी जातो, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही. कधी सासरी कोंडलेली सून, कधी शाळा सोडायला लावलेली मुलगी. ती रडते, कबूल करते, पुन्हा करणार नाही म्हणते. आणि तिचं नाव तिथेच राहतं. या सगळ्या कामात मला हेच सर्वांत मोठं वाटतं.

व्याख्यानात गाव हटून बसतं, “कोण करत होतं, सांगा!” ते सांगत नाहीत. नाव फुटलं तर तिचं काय होईल, हे त्यांना ठाऊक असतं. करणीच्या संशयावरून माणसं गावाबाहेर काढली गेली आहेत, मारलीही गेली आहेत.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यासाठीच कायदा मागत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारलं. वर्षानुवर्षं रखडलेल्या कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला, आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते असं ठरवून तिचा छळ करणं आज महाराष्ट्रात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं.

सभा उठते. सतरंज्या झटकल्या जातात. कार्यकर्ता बाटल्या पेटीत भरत असतो, तेव्हा खांबाआड एक बाई घुटमळताना दिसते. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ती पुढे येते.

“दादा, आमच्या घरी पण…”

तो पेटी बाजूला सरकवतो आणि पायरीवर बसतो. “बसा ताई. सावकाश सांगा.”